नजर आणि खता

स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात, म्हणजे आजच्या कॉर्दोव्हात, बाराव्या शतकात इब्न रुश्द नावाचे एक काझी होऊन गेले. ११२६ ते ११९८ हा त्यांचा काळ. न्यायनिवाडा हा त्यांचा पेशा, वैद्यक त्यांना येत होते, आणि ॲरिस्टॉटलच्या जवळजवळ सगळ्या ग्रंथांवर त्यांनी भाष्ये लिहिली. युरोपातले विद्वान त्यांना नुसते ‘भाष्यकार’ म्हणत. नाव घ्यायची गरजच पडत नसे. हा एवढा मोठा माणूस ११७५च्या सुमारास ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’वर लिहायला बसला आणि दोन शब्दांपाशी त्याची वाट वळली. ते दोन शब्द म्हणजे ट्रॅजेडी आणि कॉमेडी.

इब्न रुश्दना ग्रीक येत नव्हते. त्यांच्यापुढे होता तो अरबी तर्जुमा. तो दहाव्या शतकात बगदादच्या अबू बिश्र मत्ता या ख्रिस्ती विद्वानाने सिरियाक भाषेवरून केलेला होता. ग्रीकांचे नाटक रंगमंचावर उभे राहते, माणसे मुखवटे घालून दुसऱ्याच कुणाचे दुःख बोलतात आणि हजारो माणसे डोंगराच्या उतारावर बसून ते पाहतात, ही गोष्ट ना मत्ताने पाहिली होती ना इब्न रुश्दनी. मत्ताने ट्रॅजेडीला शब्द घातला ‘मदीह’, म्हणजे स्तुतिकाव्य. कॉमेडीला घातला ‘हिजा’, म्हणजे निंदाकाव्य. उर्दूवाले ज्याला हज्व म्हणतात तेच. इब्न रुश्दनी हे दोन्ही शब्द तसेच पुढे चालवले. १२५६ साली तोलेदोत त्यांच्या भाष्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढची दोनशे वर्षे युरोपला ‘काव्यशास्त्र’ मुख्यतः याच वाटेने भेटत राहिले.

आम्हांला याहून मोठी वाटते ती आणखी एका शब्दाची कथा. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगे सांगितली आहेत. कथानक, स्वभाव, विचार, भाषा, गीत आणि दृश्य. दृश्य म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते. या शेवटच्या अंगाला अरबीत शब्द आला ‘नजर’. नजर म्हणजे पाहणे आणि नजर म्हणजे विचार करणेही. ‘नजरिया’ हा शब्द आपल्या बोलण्यात त्यातूनच आला. रंगमंच समोर नसल्यामुळे इब्न रुश्दनी दुसरा अर्थ उचलला. जे डोळ्यांनी पाहायचे होते ते डोक्याने सिद्ध करायचे झाले. होर्हे लुईस बोर्हेस या अर्जेंटिनी लेखकाने १९४७ साली यावरच एक गोष्ट लिहिली. तिच्यात इब्न रुश्द त्या दोन शब्दांचा अर्थ शोधत बसलेले असतात आणि खिडकीखाली गल्लीतली पोरे अजान देणारा मुअज्जिन, मिनार आणि नमाजी असा खेळ खेळत असतात. नाटक खिडकीखालीच चाललेले असते.

हे सगळे आठवायला निमित्त झाले एका वहीचे.

आम्ही म्हणजे मिरजेतल्या एका मोहल्ल्यातली सात-आठ माणसे. रविवारी दुपारी जोहरची नमाज झाली, जेवणे झाली, की मोहल्ल्याच्या वाचनालयात बसतो. आमच्यात उर्दू शाळेत शिकवणाऱ्या एक आपा आहेत. सतारीच्या कारखान्यात भोपळे कोरण्यात आयुष्य गेलेले एक चाचा आहेत. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले एक मामू आहेत. एका हकिमांचा नातू आहे, तो आता औषधांचे दुकान चालवतो. कॉलेजात मराठी शिकवणारा एक जण आहे. आणखी दोघे-तिघे येऊन-जाऊन असतात. घरात आम्ही दखनी बोलतो, लिहितो मराठी, आणि थोडे उर्दू उशाशी असते. आमची मातृभाषा कोणती हा वाद आमच्यात पुष्कळ वेळा झाला आणि चहा आला की मिटला.

मोहल्ल्यातली एक मुलगी बी. ए.ला मराठी घेऊन शिकते. परीक्षेपूर्वी ती वही घेऊन आमच्याकडे आली. वहीत नाट्यविषयक संज्ञा होत्या, बेचाळीस. लाल शाईने शब्द, निळ्या शाईने व्याख्या. नांदी, सूत्रधार, स्वगत, जनांतिक, नेपथ्य, शोकात्मिका, विरेचन, हॅमार्शिया, नाट्यगत उपरोध. आम्ही कुठूनही विचारावे आणि तिने घडाघडा सांगावे. एक अक्षर चुकत नव्हते. शेवटी आपांनी विचारले, ‘‘बेटा, तू नाटक देखी क्या कभी?’’ मुलगी म्हणाली, ‘‘नै.’’

मिरजेहून सांगली दहा किलोमीटर. त्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले आणि मराठी नाटकाचा पाया घातला. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्याचाच. त्या गावापासून दहा किलोमीटरवर एक हुशार मुलगी बेचाळीस शब्द पाठ करून बसली होती आणि त्यांतला एकही शब्द तिने कधी घडताना पाहिला नव्हता. इब्न रुश्दपुढे निदान सबब होती. कुर्तुब्यात नाट्यगृह नव्हते.

त्या दिवसापासून आमचे तीन-चार महिने त्या वहीत गेले.

पहिली गोष्ट आमच्या ध्यानात आली ती ही, की आधी नाटक झाले, शब्द मागून आले. सोफोक्लीसचे ‘ओयदिपौस’ इसवी सनापूर्वी ४२९च्या आसपासचे. ॲरिस्टॉटलचे ‘काव्यशास्त्र’ त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आले. त्याने नाटके पाहिली, वाचली, माणसे कुठे हळहळतात आणि कुठे घाबरतात हे टिपले आणि मग त्या जागांना नावे दिली. संज्ञा म्हणजे अशा जागेवर लावलेली पाटी. जागा न पाहता पाट्याच पाठ केल्या तर परीक्षेत गुण मिळतील, गाव कळणार नाही.

दुसरी गोष्ट, हे शब्द एका जातीचे नव्हेत. काही शब्द रंगमंचाचे आहेत. ते हातापायांनी शिकायचे. जनांतिकच घ्या. वहीत लिहिले होते की इतर पात्रांना ऐकू जाणार नाही अशा रीतीने दोन पात्रांनी केलेले भाषण. भरताच्या परंपरेत याला हाताची एक खूण आहे. अनामिका दुमडायची आणि बाकीची बोटे सरळ ठेवायची. तो त्रिपताक हात मध्ये धरला की प्रेक्षकांनी समजायचे, हे त्या तिसऱ्याला ऐकू येत नाही. कॉलेजातल्या आमच्या मित्राने उठून ते करून दाखवले. आपा हसल्या. म्हणाल्या, घरात मेहमान बसलेले असताना अम्मी ओढणीचा पदर तोंडापुढे धरून खालाला सांगायची, ‘शक्कर नै है घर में’, ते मग जनांतिकच की! मुलीने वहीत लगेच टिपून घेतले.

नेपथ्याचे तसेच. आज आपण नेपथ्य म्हणतो तेव्हा मंचावरचे घर, खिडक्या, सोफा डोळ्यांपुढे येतो. जुन्या संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची रंगायची जागा. ‘नेपथ्यात’ असे लिहिले असेल तर आतून कुणाचा तरी आवाज येतो आहे, माणूस दिसत नाही. एकच शब्द आतून बाहेर आला. आधी तो दिसत नव्हता, आता तोच सगळ्यांत जास्त दिसतो.

स्वगताची ताकद मात्र आम्हांला ‘ऑथेल्लो’त कळली. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०मध्ये त्याचे ‘झुंझारराव’ करून ते मराठीत आणले. मूळ नाटकात इयागो मंचावर एकटा पडला की आपला सगळा कट आपल्याला सांगून टाकतो. ऑथेल्लो त्याला वारंवार प्रामाणिक म्हणतो. त्याला ठाऊक नाही, आपल्याला आहे. याचेच नाव नाट्यगत उपरोध. स्वगत ऐकले म्हणून आपण त्या कटाचे साक्षीदार झालो, आणि साक्षीदाराला मंचावर जाऊन बोलता येत नाही. कोर्टातले मामू म्हणाले, ‘‘गवाह कू बुलायाच नै, तो वो क्या करींगा?’’

हॅमार्शियावर आमचा मोठा वाद झाला. वहीतली व्याख्या होती, ‘नायकाच्या ऱ्हासाला कारणीभूत होणारा स्वभावदोष.’ पुष्कळ गाईडांत असेच असते. पण ओयदिपौसची हकीकत सांगायला लागल्यावर ती व्याख्या त्याला बसेना. या माणसाला देववाणी सांगते की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. ते टळावे म्हणून तो ज्यांना आईबाप समजतो त्यांचे गाव सोडतो. वाटेत तिवाठ्यावर एका म्हाताऱ्याशी रस्त्यावरून भांडण होते, राग अनावर होतो, म्हातारा मरतो. पुढे हा थीब्जचा राजा होतो, विधवा राणीशी लग्न करतो. गावात रोगराई येते. जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नाही असे कळते, आणि हा राजा स्वतःच त्या खुन्याचा तपास लावायला निघतो. यात दोष कुठला? राग? रागीट माणसे आमच्या मोहल्ल्यात कमी आहेत काय?

सतारवाले चाचा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘उसकू मालूमच नै था, तो गुन्हा कैसा होयींगा? खता बोलो उसकू.’’

आम्ही सगळे थांबलो. हॅमार्शिया हा शब्द ग्रीकमध्ये ज्या क्रियापदावरून आला ते नेम चुकण्याचे क्रियापद आहे. भाला फेकला, लागला नाही. बाण सोडला, बाजूने गेला. आणि अरबीतून आपल्या घरी आलेल्या ‘खता’ शब्दाच्याही पोटात हेच आहे. उर्दूत तीर खता होतो, निशाणा खता होतो. मराठीतही माणूस खता खातो. गाईडातला स्वभावदोष, कुणी वापरतात तो प्रमाद, यांच्यापेक्षा ॲरिस्टॉटलच्या जवळचा शब्द आमच्या दादी-नानीच्या तोंडात होता आणि तो शोधायला आम्ही कपाटातली चार पुस्तके काढून बसलो होतो.

मग मामूंना सूर सापडला. फिकहमध्ये म्हणजे इस्लामी कायद्यात खुनाचे प्रकार आहेत. कत्ल-ए-अमद म्हणजे जाणूनबुजून केलेला आणि कत्ल-ए-खता म्हणजे चुकून झालेला. इब्न रुश्द स्वतः काझी होते, ‘बिदायतुल मुज्तहिद’ हा त्यांचा कायद्यावरचा मोठा ग्रंथ आहे, त्यांना हा फरक रोजचा. आता ओयदिपौसचा खटला कोणत्या कलमाखाली? म्हाताऱ्यावर हात उचलला तो रागाने, जाणून. पण तो बाप आहे हे न जाणता. म्हणजे माणूस मारला तो अमद आणि बाप मारला तो खता. एकाच घावात दोन्ही! दीड तास हा खटला चालला. निकाल लागला नाही. पण शोकात्मिकेचा नायक अगदी निर्दोषही नसावा आणि दुष्टही नसावा, मधला असावा, असे ॲरिस्टॉटल का म्हणतो हे त्या मुलीला त्या दिवशी कळले. दुष्टाला शिक्षा झाली तर आपल्याला बरे वाटते. निर्दोषाचे वाटोळे झाले तर संताप येतो. करुणा आणि भय मधल्या माणसासाठी असतात, कारण तो आपल्यासारखा असतो.

यानंतर संज्ञांची दुसरी जात, गोष्टीच्या वळणांची. एक स्थितिपालट, म्हणजे एका दिशेने चाललेली गोष्ट अचानक उलट फिरणे. दुसरी अभिज्ञान, म्हणजे अज्ञानातून ओळखीकडे येणे. ‘ओयदिपौस’मध्ये कॉरिंथहून दूत येतो तो राजाची भीती घालवायला. तुम्ही त्या आईबापांचे पोटचे नव्हे, मग कसली भीती, असे तो सांगतो, आणि तेच सांगणे सगळा घात करते. पालट आणि ओळख एकाच क्षणी येतात. ॲरिस्टॉटलला तीच रचना सर्वांत उत्तम वाटते. अभिज्ञान हा शब्द तर कालिदासाने नाटकाच्या नावातच घातला आहे. ‘अभिज्ञानशाकुंतल’ म्हणजे ओळखीची खूण. ती खूण आहे अंगठी, आणि ती सापडते कोळ्याला माशाच्या पोटात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले ते हेच नाटक.

वस्तूवरून पटणारी ओळख ॲरिस्टॉटल कमी दर्जाची मानतो. घटनांतूनच जी उमलते ती श्रेष्ठ. हे समजावताना आम्हांला दूर जावे लागले नाही. हजरत युसुफचा किस्सा आमच्या प्रत्येक घरात आहे. कुराणातच त्याला अहसनुल कसस, सर्व कथांत सुंदर कथा म्हटले आहे. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा मिसरच्या कोठारांचा मालक होतो, हा पालट. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला येतात, तो त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. हा उपरोध. मग कळते की हाच युसुफ. ही ओळख, आणि ती घटनांतून आलेली. त्याच कथेत वस्तूही आहे, सदरा. एकदा खोट्या रक्ताने भरलेला, एकदा पाठीमागून फाटलेला, आणि शेवटी बापाच्या डोळ्यांना दृष्टी परत देणारा. मुलीने वहीच्या त्या पानावर तीन सदरे काढले.

आणि इथेच इब्न रुश्द पुन्हा आमच्या मदतीला आले. करुणा आणि भय म्हणजे काय हे सांगताना त्यांच्याजवळ ग्रीक नाटक नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या घरातल्या कथा घेतल्या. युसुफ आणि त्याचे भाऊ, आणि इब्राहिम यांना मुलाच्या कुर्बानीचा झालेला हुकूम. दृश्याच्या बाबतीत त्यांची वाट चुकली, कारण पाहायला काही नव्हते. करुणा आणि भय यांच्या बाबतीत ते नेमके पोहोचले, कारण ते त्यांच्या घरात होते. बापाच्या हातात सुरी आहे आणि पुढे मुलगा आहे, याहून मोठे भय आणि करुणा ॲथेन्सच्या नाटकात तरी कुठे आहे? स्वतः ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की कथानक असे असावे की ओयदिपौसची गोष्ट नुसती कानांनी ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यावा. नाट्यगृहापर्यंत जे पोहोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी त्याने दार उघडे ठेवले आहे, असे आम्ही मानतो.

तिसरी जात प्रेक्षकांच्या शब्दांची. विरेचन म्हटले की वर्गात पोरे हसतात. आयुर्वेदातले विरेचन म्हणजे जुलाब. हकिमांचा नातू मात्र हसला नाही. त्याच्या आजोबांची विद्या ‘युनानी’, म्हणजे नावानेच ग्रीक. त्या वैद्यकात आधी मुंजिज देतात, तो दोष पिकवतो. मग मुसहिल देतात, तो बाहेर काढतो. न पिकवता जुलाब दिला तर पोटाचे हाल होतात. ॲरिस्टॉटलचा बाप निकोमाकस मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य होता. कॅथार्सिस हा शब्द शोकात्मिकेच्या व्याख्येत येतो, पण त्याचा खुलासा ‘काव्यशास्त्रा’त सापडत नाही. म्हणून शुद्धी की निचरा हा वाद अजून चालू आहे. पण नातवाच्या मुंजिजने आम्हांला एक गोष्ट दिली. नाटक पहिल्या अंकात का रडवत नाही, याचे उत्तर. आधी पिकवावे लागते.

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे ताबूत शंभर-शंभर फुटांचे निघतात. त्यांच्या भेटी पाहायला हिंदू-मुसलमान सगळे लोटतात, दोघांचेही खांदे लागतात. गावोगावी करबलची गाणी, रिवायती म्हणतात, त्यांत मराठीही असते आणि दखनीही. हे कुणाला पटते, कुणाला पटत नाही, तो वाद इथे नको. आम्हांला दिसले ते एवढेच, की इसवी सन ६८० साली करबलात काय झाले हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाणी मिळणार नाही हेही ठाऊक असते. तरी गळा भरून येतो. ग्रीकांनाही ओयदिपौसचा शेवट आधीपासून माहीत होता. इराणात तर करबलाचे नाटकच होते, तअझिया, त्याला २०१०मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. तिथे इमामांच्या बाजूचे लोक गातात आणि वैऱ्याच्या बाजूचे नुसते बोलतात. हातात संहितेचा कागदही असतो. मी शिम्र नव्हे, मी त्याचे शब्द फक्त वाचतो आहे, असे तो कागद सांगतो.

प्रेक्षक कसा असावा यासाठी संस्कृतात ‘सहृदय’ असा शब्द आहे. चाचांनी त्यालाही आपला शब्द दिला. सतारीला वरून वाजवायच्या तारा असतात आणि खाली तरफेच्या. तरफेला कुणी बोट लावत नाही. ‘‘बाज की तार छेडो, तरफ अपने आप बोलती. मगर सुर में मिलायी हुई होना.’’ न मिळवलेली तरफ गप्प राहते. सहृदयाची याहून चांगली व्याख्या त्या वहीत नव्हती.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्याने साधले काय? आमच्यावर दोन्हीकडून बोल येत होते. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणत, नाटक म्हणजे नक्कल, खोटेपणा, पोरीबाळींना कशाला? आणि बाहेर कुणी हळूच म्हणे, तुमच्या लोकांना नाटकाची परंपरा कुठे आहे? दुसऱ्याला उत्तर सोपे होते. बालगंधर्वांच्या गाण्यामागे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला १९६२ ते १९७७ या काळात ज्यांनी घडवले ते इब्राहिम अल्काझी १९२५ साली पुण्यात जन्मले. आगा हश्र काश्मिरींनी शेक्सपिअरचा ‘लिअर’ पारशी रंगभूमीवर ‘सफेद खून’ म्हणून उर्दूत उभा केला. पहिल्याला उत्तर देणे अवघड होते. बुजुर्गांशी वाद घालून जिंकण्यात अर्थ नसतो. त्यांना बोलवावे, हे बरे.

म्हणून एका रविवारी पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेले ‘राजा ओयदिपौस’ वाचनालयात मोठ्याने वाचायचे ठरवले. पोशाख नाही, पडदा नाही, रंग नाही. खुर्च्या शेजारच्या शाळेच्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, मध्ये आम्ही वाचणारे. पस्तीस-चाळीस माणसे जमली. बुजुर्ग दारापाशी बसले, म्हणजे उठून जाता यावे. कोरसाचे बोलणे चौघांनी मिळून वाचले. राणी योकास्ता त्या मुलीने वाचली.

मुलीची दादी पुढे बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पुस्तकी मराठी अर्धी कळते अर्धी नाही. कॉरिंथचा दूत आला, बोलला, आणि राणीला सारे कळून चुकले. राजाला अजून कळले नव्हते. राणी त्याला विनवते, पुढे विचारू नका. तो ऐकत नाही. मेंढपाळाला बोलावतो आणि एकेक प्रश्न विचारत जातो. वाचनालयात पंख्याचा तेवढा आवाज. आणि दादी एकदम मोठ्याने म्हणाली, ‘‘नक्को पूछ रे बाबा! नक्को पूछ!’’

कुणी हसले नाही. दादीला पालट, अभिज्ञान, उपरोध, हॅमार्शिया यांतले काही माहीत नव्हते. तिला जे माहीत होते ते राजाला माहीत नव्हते, आणि तिला त्याची माया आली होती, एवढेच. वाचता वाचता मुलीचा आवाज कापला. ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. बुजुर्ग शेवटपर्यंत बसून होते. जाताना म्हणाले, हे खोटे नाही, हे इबरतीचे आहे. इबरत म्हणजे दुसऱ्यावर गुजरलेल्यातून घ्यायचा धडा. आम्ही तोही शब्द लिहून घेतला.

मुलीला परीक्षेत गुण चांगले मिळाले. तसे ते वहीतल्या व्याख्यांवरही मिळाले असते. फरक आम्हांला वहीतच दिसला. निळ्या शाईच्या व्याख्यांच्या बाजूला तिने पेन्सिलने लिहिले आहे. जनांतिकापुढे ‘शक्कर नै है’. हॅमार्शियापुढे ‘खता’. विरेचनापुढे ‘आधी मुंजिज’. सहृदयापुढे ‘तरफ’. आणि नाट्यगत उपरोधापुढे एकच शब्द, ‘दादी’.

एक अंग मात्र राहिलेच आहे, सहावे. दृश्य. वाचन कितीही चांगले झाले तरी ते कानांचे. दिवे मंद होतात, पडदा सरकतो, तिसऱ्या रांगेतून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, हे वाचून कळत नाही आणि सांगून तर मुळीच नाही. हे आम्ही मुलीच्या बापाजवळ बोललो. तो वखारीत हिशेब लिहितो, थोडा अबोल आहे, वाचनाच्या दिवशी मागे उभा राहून ऐकत होता. रात्रीचे नाटक, शेवटची बस, नात्यातल्यांचे बोलणे, या त्याच्या अडचणी खोट्या नाहीत. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘दोपहर का खेल रहा तो बोलो.’’

सांगलीत दुपारचा प्रयोग कधी लागतो याची आम्ही चौकशी करीत आहोत. तिकिटे नऊ लागतील. दादीही येते म्हणाली आहे. तिला पुढची खुर्ची पाहिजे, आणि मध्येच बोलले तर चालते का, असे तिने विचारून ठेवले आहे.